बूट घालून झोपणारा मुलगा आणि दिवसभर चालणाऱ्या बातम्या

कवडसा

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा लेक सात वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात एका रात्री त्याचं पांघरूण सारखं करायला गेले तर पायात बूट. शाळेचे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. म्हटलं खेळता खेळता तसाच झोपला असेल, काढून ठेवले. दुसऱ्या रात्री परत बूट. तिसऱ्या रात्री काढायला गेले तर तो जागाच होता, त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "नको ना काढू, पळायला लागलं तर?"

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. साबुंना (सासरेबुवांना) दिवसभर न्यूज चॅनल लागतं, आवाज मोठा कारण ऐकू कमी येतं. त्या आठवड्यात मुलं पळवणारी टोळी म्हणून एक सीसीटीव्हीची क्लिप चालू होती. रिकामी गल्ली, निळ्या शर्टातला माणूस, तो एका लाल टोपीतल्या लहान मुलाला उचलतो, बाइकवर बसवतो आणि निघून जातो. भोवती लाल गोल, बाण, मागे ते धडधडणारं म्युझिक आणि खाली 'तुमची मुलं सुरक्षित आहेत का?' सकाळी तेच, हा शाळेतून आला तरी तेच, रात्री जेवताना तेच. मी कामात, नवरा कामात, हा सोफ्याच्या मागे बसून सगळं बघतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आणि खरं सांगायचं तर मी पण त्यात भरच घातली. ती क्लिप मी स्वतः दोन ग्रुपवर पाठवली. त्याला खाली खेळायला सोडणं बंद केलं, ते पण कारण न सांगता. रात्री दाराची कडी दोनदोनदा बघायला लागले. तो हे सगळं बघत होता हे आता कळतंय.

परवा त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेल्या उभ्या रेघा दिसल्या, पाच-पाचचे गठ्ठे करून, शाळेत मोजायला शिकवतात तशा. एकूण एकतीस. मला वाटलं गणिताचं काहीतरी असेल. विचारलं तर म्हणाला, "ही नेलेली मुलं." माझ्या पोटात गोळाच आला.

सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू का, मी नंतर शोधत बसले तेव्हा कळलं की तो निळ्या शर्टवाला त्या मुलाचा मामा होता. रुसून घराबाहेर पडलेल्या भाच्याला घरी घेऊन चालला होता. आणि हे चॅनलवर खालच्या पट्टीत एका ओळीत येऊन गेलं म्हणे.

तुमच्याकडे असं कधी झालंय का? मुलाशी काय बोलायचं? आणि साबुंना टीव्ही बंद करा असं सांगायचं तरी कसं, त्यांचा दिवस त्याच्यावरच जातो.

रानपाखरू

वाचून गलबलून आलं गं. आमच्याकडे मुलगी अकराची, तिचं वेगळंच. 'महाकाय लघुग्रह पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार' असं मोबाइलवर वाचलं आणि रात्रभर खिडकीशी. मी पण आधी घाबरलेच. मग आम्ही दोघींनी मिळून शोधलं तर कळलं, शास्त्रज्ञ ज्याला संभाव्य धोकादायक म्हणतात त्यात पृथ्वीच्या कक्षेपासून साधारण ७५ लाख किलोमीटरच्या आत येऊ शकणारे सगळे मोठे लघुग्रह धरतात. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे हे 'जवळ' चंद्राच्या जवळपास वीस पट लांब असू शकतं. तिने कागदावर पट्टीने मापून पृथ्वी, चंद्र आणि तो दगड काढला, दगडाला कागदच पुरेना. त्या रात्री झोपली. हेडिंगमध्ये हा आकडा नव्हता, बातमीत शेवटून दुसऱ्या ओळीत होता.

जुना_वाचक

भीती घालणारी बातमी काही आजची नाही. १९७९ साली स्कायलॅब पडणार म्हणून आम्ही मुलं किती घाबरलो होतो! सत्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा आकाशातून खाली येणार आणि नेमकी कुठे ते कुणालाच सांगता येत नाही. मी खाटेखाली झोपायचो. खाटेने काय होणार होतं, पण तेव्हा तेवढाच आधार. ११ जुलैला ती पडली, तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात, कुणाला खरचटलंही नाही.

पण एक फरक मला फार जाणवतो. तेव्हा बातमी सकाळी पेपरात यायची आणि रेडिओवर ठरलेल्या वेळी. मधले तास मोकळे असायचे. आम्ही खेळायचो, भांडायचो, विसरायचो. भीतीला खाली बसायला वेळ मिळायचा. आता तो मधला वेळच उरलेला नाही.

२००८ च्या १० सप्टेंबरला युरोपातलं ते कणांच्या टकरी घडवणारं जमिनीखालचं २७ किलोमीटर घेराचं यंत्र, लार्ज हॅड्रॉन कोलायडर, सुरू झालं तेव्हा मुलगा लहान होता. चॅनलवर कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळणार म्हणून दिवसभर ॲनिमेशन, पृथ्वी पाण्यासारखी भोवऱ्यात जाताना दाखवत होते. मुलगा शाळेतून येऊन मला म्हणाला, "बाबा, उद्या गृहपाठ करायचा का?" त्या दिवशी त्या यंत्रात कणांची टक्कर होणारच नव्हती, नुसता कणांचा झोत फिरवून बघणार होते. टकरी तर पुढच्या वर्षी सुरू झाल्या. एवढी साधी गोष्ट त्या दिवशी एकानेही धडपणे सांगितली नाही, याचा मला आजही राग येतो.

माजी_डेस्क

मी काही वर्षं एका न्यूज चॅनलच्या डेस्कवर होतो, आता ते काम सोडलंय. आत काय होतं ते सांगतो, कारण बाहेरून लोकांना वाटतं की कुणीतरी मुद्दाम घाबरवायचा कट करून बसलंय. तसं नसतं, म्हणून जास्त त्रास होतो.

रनडाऊन, म्हणजे बुलेटिनमध्ये कधी काय दाखवायचं याची यादी, भरायचा असतो. हाताशी वीस सेकंदांचा व्हिडिओ आणि बुलेटिन अर्ध्या तासाचं. मग वीस सेकंद लूपवर टाकायचे, त्यावर रिपोर्टरचा फोनो (फोनवरून दिलेली बातमी), मग एखाद्या घाबरलेल्या आईचा बाईट (कॅमेऱ्यापुढचं बोलणं), मग दोन वर्षांपूर्वीचे फाईल शॉट्स, म्हणजे जुनी दृश्यं. फाईल शॉट्स असं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण घरात बसून ते कोण वाचणार, आणि सात वर्षांच्या मुलाने वाचलं तरी त्याला काय कळणार. दुसरं म्हणजे प्रश्नचिन्ह. 'टोळी सक्रिय' असं लिहायचं तर पोलिसांचा दुजोरा हवा. 'टोळी सक्रिय?' असं लिहिलं की दुजोऱ्याची गरजच संपली. दर आठवड्याला रेटिंगचे आकडे येतात आणि ज्या अर्ध्या तासात लोक थांबले तो अर्धा तास पुढच्या आठवड्यात परत करायला सांगतात. भीती वाटली की माणूस चॅनल बदलत नाही, पुढे काय झालं ते बघायला थांबतो, एवढंच ते गणित.

खुलासा पट्टीत का जातो तेही सांगतो. 'मूल सुखरूप घरी आहे' याला व्हिडिओ नसतो. दाखवायला काही नाही म्हणजे वेळ नाही.

एका रात्री मी स्वतः अशीच एक क्लिप लूपवर लावली होती. दुजोरा नाही हे मला माहीत होतं, मीच तर फोन करून विचारलं होतं. आणि तरी दोन तासांनी घरी फोन करून बायकोला म्हणालो, पोरीला उद्या एकटी खाली पाठवू नकोस. फोन ठेवल्यावर लक्षात आलं मी काय बोललो ते. मला खरं माहीत असूनही ती क्लिप माझ्यात शिरली होती. मग घरी बसून बघणाऱ्याचं काय होत असेल.

स्पष्टवक्ता

सगळ्यांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. सगळं माध्यमांवर ढकलून चालणार नाही. मुलं खरंच पळवली जातात, अत्याचार खरंच होतात. आमच्या लहानपणी यावर घरात कुणी ब्र काढत नव्हतं, मुलांनी काही सांगितलं तरी त्यांनाच गप्प बसवायचे. आज आईबाप मुलांशी बोलतात ते बातम्यांमुळेच. थोडी भीती असलेली बरी, बेसावध राहण्यापेक्षा.

सावलीचं_झाड

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

स्पष्टवक्ता दादा, तुमचा मुद्दा मला पटतो, बातम्यांमुळे या विषयाला तोंड फुटलं हे खरंच आहे. पण भीती कोणाची घातली जाते ते बघा. बातमीत नेहमी गल्लीतला अनोळखी माणूस असतो कारण त्याचाच व्हिडिओ मिळतो. प्रत्यक्षात मुलांवरच्या अत्याचारात बहुतेक वेळा माणूस ओळखीचा असतो, घरात येणारा-जाणारा. आणि पळवलेल्या मुलांतही घरच्यांनीच ताब्याच्या भांडणातून नेलेली मुलं, पूर्ण अनोळखी माणसाने नेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. निळ्या शर्टाला घाबरायला शिकलेलं मूल ओळखीच्या माणसाने काही केलं तर काय करायचं हे शिकलेलंच नसतं. बूट घालून झोपण्याने यातलं काहीच टळत नाही. त्याला हे माहीत हवं की कुणीही, अगदी कुणीही, नको तसं वागलं तर आईला सांगायचं आणि आई रागावणार नाही.

कवडसा, आता तुमच्या लेकाबद्दल. त्या एकतीस रेघा वाचून मी थांबले. मला जवळजवळ खात्री आहे की त्या एकतीस मुलांच्या नाहीत. लहान मुलांना रिप्ले हा प्रकार कळत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या त्या इमारतींवर विमानं आदळली तेव्हाही कितीतरी लहान मुलांना वाटत होतं की रोज नवीन विमानं नव्या नव्या इमारतींवर आदळतायत, कारण टीव्हीवर ते परत परत दिसत होतं. तुमचा लेक प्रत्येक वेळी क्लिप दिसली की एक रेघ ओढत असणार. त्याच्या हिशोबात रोज पाच-सहा मुलं जातायत. मग तो बूट घालून झोपणार नाही तर काय करेल?

त्याला लगेच समजावायला जाऊ नका. आधी विचारा, तुला काय काय माहीत आहे, काय दिसलं. मुलांच्या डोक्यात काय आहे ते आपल्याला वाटतं त्याहून फार वेगळं असतं. लहान मुलं जे दिसतं त्याला घाबरतात, चेहरा, आवाज, रक्त. आठ-दहाच्या पुढे 'हे माझ्या घरी होऊ शकतं' याला. मोठी मुलं न दिसणाऱ्या गोष्टींनाही घाबरतात, युद्ध, रोगराई, हवामान. म्हणून सात वर्षांच्या मुलाला आकडे सांगून उपयोग नाही आणि चौदाच्या मुलाला नुसतं जवळ घेऊन भागत नाही. आणि 'काही नाही होत, झोप' हे म्हणू नका प्लीज. त्याने दिवसभर तुम्हाला कडी तपासताना बघितलंय, त्याला कळतं की तुम्ही खरं सांगत नाही आहात. खाली का पाठवत नव्हते ते पण सांगून टाका, मी घाबरले होते म्हणून, असं स्पष्ट.

पाऊलखुणा

सावलीचं_झाड, शंभर टक्के अनुमोदन. हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला.

गणितवेडा

या विषयावर मी बरंच वाचलंय म्हणून लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

१९७३ मध्ये आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की एखादी गोष्ट किती वेळा घडते हे ठरवताना आपण मोजत नाही, ती पटकन आठवते का ते बघतो. पटकन आठवली म्हणजे नेहमी होत असणार. आता एखादी क्लिप एकतीस वेळा दाखवली तर ती पटकन आठवणारच ना, तुमचा मुलगा निदान कागदावर मोजत तरी होता, आपण मोठी माणसं मनातल्या मनात न मोजताच तेच करतो. त्याच दशकात जॉर्ज गर्बनर म्हणून संशोधक होते, टीव्हीवरच्या हिंसेवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचं म्हणणं होतं की जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्याहून क्रूर वाटायला लागतं.

आणि ही भीती नुसती मनात राहत नाही. २००१ च्या त्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत खूप लोकांनी विमान टाळून गाडीने लांबचे प्रवास केले. गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञांनी नंतर हिशोब मांडला, त्यांच्या अंदाजाने त्या एका वर्षात त्यामुळे रस्त्यांवर साधारण १,५०० जण जास्तीचे गेले. भीती होती विमानाची, माणसं गेली रस्त्यावर.

दुसरं उदाहरण बोस्टनचं. २०१३ च्या एप्रिलमध्ये मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्या वर्षी एक अभ्यास छापून आला, त्यात असं दिसलं की स्फोटानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तास किंवा जास्त त्याच्याच बातम्या बघत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षा जास्त होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन वाचलं.

स्पष्टवक्ता म्हणाले थोडी भीती बरी. मान्य, पण मग ती योग्य जागी तरी असू दे. जगभर ५ ते २९ वयातल्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. किती घरांत मुलाला खाली खेळायला सोडत नाहीत पण गाडीत बेल्ट न लावता मांडीवर बसवतात? उलट बाजूने बघा, १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या आसपास मुलं दगावली, २०२२ मध्ये तो आकडा ४९ लाखांवर आला. अजूनही भयंकर आहे. पण रोज थोडी थोडी मुलं जास्त वाचतायत याची ब्रेकिंग न्यूज कशी करणार, ती कुठल्याच एका दिवशी घडत नाही.

स्पष्टवक्ता

बेल्टचं लागलं मला. आमच्याकडे हेच चालतं. उद्यापासून बंद.

दोन_पिल्लं

मोमो आठवतंय का कुणाला? २०१९ च्या सुरुवातीला. ते मोठ्या डोळ्यांचं, ताणलेल्या तोंडाचं भयंकर तोंड, मुलांना मेसेज करून स्वतःला इजा करायला लावतं म्हणून शाळांनी पालकांना मेसेज केले, चॅनलवर ते तोंड पूर्ण स्क्रीनभर दाखवलं. ब्रिटनमधल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तेव्हाच सांगितलं होतं की यामुळे एकाही मुलाला इजा झाल्याचा पुरावा नाही. ते तोंड म्हणजे जपानमधल्या एका कलाकाराने केलेली मूर्ती होती, प्रदर्शनातली, आणि हा सगळा गोंधळ सुरू व्हायच्या आधीच ती कुजली म्हणून त्याने टाकूनही दिली होती.

माझ्या मुलाला मोमो कुठल्या गेमने दाखवली नाही. मी दाखवली. "असं काही दिसलं तर मला सांग हं" असं म्हणून मीच फोन त्याच्यापुढे धरला. पुढे दोन महिने तो बाथरूमला एकटा जात नव्हता. मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

सावलीचं_झाड

दोन_पिल्लं ताई, तुमच्यासारखे कितीतरी पालक मला भेटले. तुम्ही काळजीपोटीच केलंत. मुलगा मोठा झाला असेल आता, त्याला हे एकदा सांगा, मी चुकले होते म्हणून. मुलांना ते फार बरं वाटतं.

जुना_वाचक

कवडसा, तुमच्या सासऱ्यांबद्दल राहिलंच. मी त्यांच्याच वयाचा आहे म्हणून सांगतो. टीव्ही बंद करा असं म्हणू नका. घरात दिवसभर दुसरा आवाज नसतो हो. आणि वयाबरोबर आम्हीही घाबरतो, फक्त सांगत नाही. सगळे उशिरा घरी येतात, तोवर त्या बातम्या बघत आम्ही कोण कुठे असेल याचा विचार करत बसतो. त्यांना बुटांची गोष्ट सांगा. जशी इथे लिहिलीत तशीच सांगा, दोष न देता.

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन-चार दिवस लिहू शकले नाही, आज सांगते काय झालं ते.

जुना वाचक काकांनी सांगितलं तसं मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बुटांचं आणि रेघांचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "माझ्यामुळे पोरगं झोपत नाही होय." मला कसंतरीच झालं, म्हटलं बाबा, क्लिप मी पण पाठवली आहे सगळ्यांना. आता ते दुपारी तो यायच्या वेळेला टीव्ही बंद करतात, हेडफोन पण मागवून घेतलेत. आणि ज्या दोन ग्रुपवर मी ती क्लिप टाकली होती तिथे मामाचं सगळं लिहून टाकलं. तिघांनी बघितलं, कुणी काही बोललं नाही, पण टाकलं.

काल दुपारी बाबाच वही घेऊन त्याच्याजवळ बसले. मी दारातून ऐकत होते. बाबांनी विचारलं, "ही पहिली रेघ, हे मूल कसं होतं रे?"

"लहान होतं. लाल टोपी होती."

"आणि हे दुसरं?"

"याला पण लाल टोपी होती."

"तिसरं?"

तो थांबला. पानाकडे बघत राहिला, मग बाबांकडे. "आबा, सगळ्यांनाच लाल टोपी होती."

बाबा काही बोलले नाहीत. त्यानेच विचारलं, "तो एकच होता का?" बाबा म्हणाले, हो, एकच होता, तेच ते दाखवत होते. मग त्याने कंपास उघडून खोडरबर काढला आणि एकेक रेघ खोडायला लागला, फार नीट, दुसरीला लागू न देता. तीस खोडायला बराच वेळ लागला. एक राहिली. मग बाबांनी सांगितलं की निळा शर्टवाला त्याचा मामा होता, आणि ते मूल त्याच दिवशी घरी पोचलं.

बूट काल रात्री पायात नव्हते, पलंगाशेजारी होते, नाड्या सोडलेल्या. उद्या असतील की नाही मला माहीत नाही.

पण ते दुपारचं डोळ्यांपुढून जात नाही. मामाचं ऐकल्यावर तो जरा वेळ गप्प बसला, खोडरबर हातातच होता, आणि म्हणाला, "मग ही पण खोडू?"